दोन फायली एकमेकींची वाट पाहतात

तर्काची एकही ओळ बदललेली नसते. इम्पोर्टच्या ओळी (एका फाइलमध्ये दुसऱ्या फाइलमधला कोड आणणाऱ्या) वर्णानुक्रमे लावणारं एक साधं टूल प्रकल्पात येतं, शेकडो फायलींचे माथे नीटनेटके करतं, आणि सर्व्हर उठायचाच बंद होतो. डिफ (आधीच्या आणि आताच्या कोडमधला फरक) वाचावा तर फक्त ओळींच्या जागा बदललेल्या. आधी 'ऑर्डर्स' या मॉड्यूलची (म्हणजे कोडच्या एका फाइलची) ओळ वर होती आणि 'इन्व्हॉइसेस'ची खाली, आता उलटं झालंय. पायथन सांगतो की 'इन्व्हॉइसेस' हे मॉड्यूल अर्धवटच तयार झालंय, त्यातून 'इन्व्हॉइस' हे नाव घेता येत नाही, बहुधा सर्क्युलर इम्पोर्ट असावा, म्हणजे दोन फायली एकमेकींना मागत असल्याचं चक्र. हा प्रकार पाहिला की मनात बराच काळ काहीतरी टोचत राहतं. सॉर्टरने काही बिघडवलेलं नसतं. ती सगळी इमारत इतके दिवस दोन ओळींच्या क्रमावर उभी होती, आणि तो क्रम कुणी जाणूनबुजून ठरवलेला नव्हता, एवढंच त्याने उघड केलेलं असतं.

आत काय घडतं ते एकदा सावकाश पाहायला हवं. पायथन एखादं मॉड्यूल इम्पोर्ट करतो तेव्हा त्याची एक रिकामी वस्तू आधी नोंदवहीत टाकतो (सिस.मॉड्यूल्स नावाची डिक्शनरी) आणि मग फाइल वरून खाली चालवायला घेतो. 'ऑर्डर्स'च्या पहिल्या ओळीत लिहिलंय, 'इन्व्हॉइसेस'मधून 'इन्व्हॉइस' हा क्लास आण. 'इन्व्हॉइसेस'च्या पहिल्या ओळीत नुसतंच 'इम्पोर्ट ऑर्डर्स'. सुरुवात 'ऑर्डर्स'पासून झाली तर तो 'इन्व्हॉइसेस'कडे जातो. 'इन्व्हॉइसेस' परत 'ऑर्डर्स' मागतो, नोंदवहीतली अर्धी वस्तू त्याला मिळते, आणि त्याला फक्त मॉड्यूलच हवं असल्यामुळे त्याचं तेवढ्यावर भागतं. पुढे क्लास तयार होतो, दोघंही सुखरूप उभे राहतात. पण सुरुवात 'इन्व्हॉइसेस'पासून झाली, तर 'ऑर्डर्स' चालू होताच अर्ध्या 'इन्व्हॉइसेस'कडे थेट क्लास मागतो. तो अजून जन्मलेलाच नसतो. आयसॉर्टसारख्या टूलने 'आय' हे अक्षर 'ओ'च्या आधी ठेवलं, बाकी काही केलं नाही.

तोच कोड, त्याच दोन फायली, फक्त दार कुठलं आधी उघडलं एवढाच फरक.

पायथन निदान ओरडतो, आणि २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून तर कारणाचा अंदाजही देतो. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या जुन्या कॉमनजेएस पद्धतीत 'रिक्वायर' गुपचूप अर्धा भरलेला एक्सपोर्ट्स ऑब्जेक्ट हातात ठेवतं. सुरुवात बिनबोभाट होते आणि बऱ्याच नंतर, भलत्याच ठिकाणी, 'अनडिफाइन्ड हे फंक्शन नाही' असा एरर येतो. जावास्क्रिप्टच्याच नव्या ईएस मॉड्यूल्समध्ये फंक्शन डिक्लरेशन आधीच बांधलेली असल्यामुळे बरीच चक्रं खपून जातात. मात्र 'कॉन्स्ट' किंवा 'क्लास'ला वेळेआधी हात लावला की रेफरन्स एरर. जावामध्ये दोन क्लासांच्या स्टॅटिक फील्ड्स एकमेकांवर अवलंबून असतील तर एकाला दुसऱ्याचा शून्य किंवा नल दिसू शकतो, आणि तो आकडा निमूटपणे पुढच्या हिशेबात जातो. गो ही भाषा या सगळ्यात पडतच नाही. पॅकेजेसमध्ये चक्र दिसलं की कम्पायलर सरळ नकार देतो. या सक्तीचा सुरुवातीला राग येतो. मोठं मॉड्यूल फोडायला बसलं की तिचं मोल कळतं, कारण गोच्या प्रकल्पात ती उस्तवार रोजच्या रोज थोडी थोडी झालेली असते आणि पायथनच्या प्रकल्पात ती पाच-सात हजार ओळींच्या फाइलमध्ये साठून राहिलेली असते.

सगळ्यात जवळचा इलाज सर्वांना ठाऊक आहे: इम्पोर्टची ओळ फाइलच्या माथ्यावरून उचलायची आणि फंक्शनच्या आत टाकायची. चालतं. रात्री प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना मीही तेच करायला सांगेन. पण त्याने चक्र सुटत नाही, ते फक्त सर्व्हर सुरू होण्याच्या क्षणातून निघून पहिली ऑर्डर येण्याच्या क्षणात जातं. शिवाय फाइलच्या माथ्यावरची यादी आता खोटं बोलू लागते. नवा माणूस वरच्या आठ ओळी वाचून समजतो की हे मॉड्यूल आठ गोष्टींवर अवलंबून आहे, आणि नववी, दहावी, अकरावी कुठल्याशा इफच्या पोटात दडलेली असतात. म्हणूनच अशी फाइल रिफॅक्टर करताना (काम तेच ठेवून रचना बदलताना) पहिलं काम उलटं करावं. फंक्शनांच्या आत लपलेले इम्पोर्ट शोधून यादी करावी. चक्राची खरी जागा बहुतेक वेळा त्या यादीतच सापडते, कारण तिथे आधी कुणीतरी अडखळलेलं असतं.

१९७२ या एकाच सालात तीन गोष्टी घडल्या, आणि त्या तिन्ही या कामात हाताशी येतात. रॉबर्ट टार्जन यांनी ग्राफमधले एकमेकांत पूर्ण अडकलेले गट शोधण्याची रीत दिली. नोड्स (इथे फायली) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा (इथे इम्पोर्ट) यांच्या बेरजेच्या प्रमाणातच तिला वेळ लागतो, म्हणून हजारो फायलींच्या प्रकल्पातली सगळी चक्रं यंत्र क्षणात दाखवतं. रिचर्ड कार्प यांनी त्याच वर्षी एकवीस अवघड प्रश्नांची यादी मांडली. कमीत कमी किती रेषा तोडल्या म्हणजे ग्राफ चक्रमुक्त होईल, हा प्रश्न तिच्यात आहे. आणि डेव्हिड पार्नास यांनी मांडलं की प्रोग्रामचे तुकडे त्यातल्या पायऱ्यांनुसार पाडू नयेत. पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलने स्वतःपाशी झाकून ठेवावा, असे पाडावेत. चक्र कुठे आहे हे यंत्राला विचारावं. कोणती रेषा तोडायची हे मात्र त्याला विचारून उपयोग नाही. कमीत कमी रेषा कुठल्या, हेच मुळात अवघड, आणि ते सापडलं तरी त्या तोडणं शहाणपणाचं असेलच असं नाही. तिथे पार्नास यांचाच प्रश्न विचारावा लागतो: कुणाला काय ठाऊक असायला नको?

मला वाटतं, या कामाचा जीव याच प्रश्नात आहे. दोन मॉड्यूल्स एकमेकांना हाक मारतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट उभी असते. तिला स्वतःची फाइल मिळालेली नसते, म्हणून ती थोडी इकडे, थोडी तिकडे राहते.

वरचीच जोडी घेऊ. 'ऑर्डर्स'ला 'इन्व्हॉइस' लागतो, कारण ऑर्डर पक्की झाली की बिल करायचं असतं. 'इन्व्हॉइसेस'ला 'ऑर्डर्स' कशासाठी लागतं ते फाइलमध्ये शोधत गेलं तर तीनच जागा निघतात. एके ठिकाणी 'ऑर्डर रद्द झालीय का' हे पाहण्यासाठी स्थितीचा स्थिरांक. एके ठिकाणी करासह एकूण रक्कम काढणारं फंक्शन. आणि तिसरीकडे फक्त टाइप लिहिण्यासाठी ऑर्डर या क्लासचं नाव. वरून पाहताना 'बिलिंगला ऑर्डर हवीच ना' असं वाटतं, पण ऑर्डर नावाची अख्खी वस्तू तिघांपैकी कुणालाच नको आहे. स्थितीचे स्थिरांक वेगळ्या छोट्या फाइलमध्ये जातात, जी कुणालाच इम्पोर्ट करत नाही. रक्कम काढणारं फंक्शन आत पाहिलं तर ऑर्डरच्या फक्त ओळी वाचतं: नग, दर, कराचा टक्का. म्हणजे त्याला ऑर्डर देण्याचं कारणच नाही. ओळींची यादी द्यावी, रक्कम परत घ्यावी, आणि त्याला 'किंमत' नावाचं स्वतःचं मॉड्यूल द्यावं. तिसऱ्या जागी टाइपसाठी आलेलं नाव उरतं, त्याची सोय पुढे पाहू. आता 'ऑर्डर्स' आणि 'इन्व्हॉइसेस' दोघंही 'किंमत'कडे पाहतात, 'किंमत' कुणाकडेच पाहत नाही. आणि कराचा नियम बदलला तर कुठे हात घालायचा, याला प्रथमच एक सरळ उत्तर मिळतं. चक्र तोडण्याच्या कामातली ही माझी सगळ्यात आवडती जागा. तक्रार इम्पोर्टची होती आणि हाती लागली ती एक हरवलेली संकल्पना.

दर वेळी तिसरी गोष्ट सापडतेच असं नाही. 'ऑर्डर्स' आणि 'नोटिफिकेशन्स' यांचं भांडण वेगळं असतं. ऑर्डर पक्की झाल्यावर मेल जातो म्हणून ऑर्डर्सला नोटिफिकेशन्स हवं, आणि मेलच्या मजकुरात ऑर्डरचा तपशील भरायचा म्हणून नोटिफिकेशन्सला ऑर्डर्स. इथे खाली काढण्यासारखं काही नसतं, वर काढण्यासारखं असतं. ऑर्डर पक्की करणं म्हणजे नोंद करणं, बिल करणं, मेल पाठवणं ही एक पूर्ण कृती. ती 'ऑर्डर्स'च्या पोटात नको, तिच्या वरच्या थरात हवी. तो थर दोघांनाही ओळखतो आणि दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. काही जण इथे थेट इव्हेंट बसवतात: ऑर्डर्सने घोषणा करायची, ज्याला ऐकायचं त्याने ऐकायचं. इम्पोर्टचं चक्र त्याने नक्की तुटतं. पण मेल पाठवणारा ऐकणारा परत ऑर्डरची स्थिती बदलत असेल आणि त्यातून पुन्हा घोषणा होत असेल, तर चक्र चालत्या प्रोग्राममध्ये तसंच शाबूत राहतं, आणि आता ते कुठल्याही ग्राफमध्ये दिसत नाही. त्यामुळे इव्हेंट मी शेवटी ठेवेन. साध्या फंक्शन कॉलने काम होत असेल तर तोच बरा.

आता अख्खी मोठी फाइल फोडण्याकडे येऊ. इथे जवळपास प्रत्येक जण एका ठरावीक सापळ्यात पाय टाकतो. फाइलमधून सगळ्यात ठसठशीत तुकडा, म्हणजे तो मोठा क्लास, आधी उचलून नव्या फाइलमध्ये ठेवला जातो. त्याला जुन्या फाइलमधली दहा-बारा छोटी फंक्शनं लागतात, म्हणून नवी फाइल जुनीला इम्पोर्ट करते. बाहेरचे सगळे अजून जुन्या पत्त्यावर येतात, म्हणून जुनी फाइल नवीला इम्पोर्ट करून तेच नाव पुढे देते. पहिल्याच पावलाला चक्र तयार! उपाय क्रमाचा आहे. फाइलमधली फंक्शनं आणि क्लास कागदावर मांडावेत, कोण कुणाला बोलावतं त्याचे बाण काढावेत, आणि जिथून एकही बाण बाहेर जात नाही तिथून सुरुवात करावी. तारखा जुळवणारी, मजकूर साफ करणारी, स्थिरांक, एररचे क्लास अशी पानं (झाडाच्या टोकाच्या पानांसारखी, ज्यांच्या पुढे काही नाही) आधी निघतात. ती निघाली की त्यांच्यावर टेकलेली पुढची काही फंक्शनं आपोआप पानं होतात. मोठा क्लास शेवटी निघतो, तोवर त्याला जुन्या फाइलकडे मागण्यासारखं काही उरलेलं नसतं. नियम एकच, पण तो मोडायचा नाही: जुनी फाइल नव्यांना इम्पोर्ट करेल, नवी फाइल जुनीला कधीही नाही. बाणांमध्येच चक्र निघालं, दोन फंक्शनं खरोखर एकमेकांना बोलावत असली, तर ती दोन्ही एकत्र एकाच फाइलमध्ये जातात.

अशा निघालेल्या पानांचं पुढे काय होतं यावर लक्ष हवं. ती सगळी 'कॉमन' किंवा 'युटिल्स' नावाच्या एकाच फाइलमध्ये गेली, तर वर्षभरात तिथे कुणीतरी ऑर्डरची तारीख सुबक छापणारं फंक्शन टाकतं, त्यासाठी ऑर्डर्स इम्पोर्ट करतं, आणि ज्या फाइलवर सगळा प्रकल्प टेकलाय तीच वर बोट दाखवू लागते. त्या एका ओळीने अख्खा प्रकल्प एका चक्रात ओढला जातो. असंच दुसरं ठिकाण म्हणजे पॅकेजचा दरवाजा, पायथनची इनिट फाइल किंवा जावास्क्रिप्टची इंडेक्स फाइल. बाहेरच्यांच्या सोयीसाठी तिथे सगळी नावं एकत्र केलेली असतात. ती बाहेरच्यांनीच वापरावी. आतल्या एका फाइलने शेजारच्या फाइलमधलं नाव या दरवाजातून आणलं, की दरवाजा ती फाइलही उघडू पाहतो आणि चक्र पूर्ण होतं. आतल्यांनी शेजाऱ्याकडे थेट जावं.

टाइपसाठी लागणाऱ्या नावांचा प्रश्न तुलनेने सौम्य. पायथनमध्ये 'टाइप चेकिंग' या स्थिरांकाखाली केलेला इम्पोर्ट फक्त टाइप तपासणारं टूल वाचतं, प्रोग्राम चालताना तो होतच नाही. अॅनोटेशन्स (कोडमध्ये लिहिलेल्या टाइपच्या नोंदी) मात्र अवतरणात लिहावी लागतात किंवा फ्यूचर इम्पोर्टने पुढे ढकलावी लागतात (३.१४ पासून ती आपोआप पुढे ढकललेली असतात). डेटा तपासणारी पायडँटिकसारखी लायब्ररी हीच अॅनोटेशन्स चालत्या प्रोग्राममध्ये वाचते, तिला ते नाव सापडत नाही आणि ती अडते. आणि असे इम्पोर्ट दहा-पंधरा झाले तर ती सोय राहत नाही. तिथेही कुणाला कुणाबद्दल किती ठाऊक आहे हे पुन्हा पाहावं. फंक्शनला अख्ख्या ग्राहकाऐवजी ग्राहकाचा आयडी पुरत असतो, असं अनेकदा निघतं.

चक्र तुटलं, टेस्ट हिरव्या झाल्या, तरी हलवाहलवीत जे मोडतं ते बहुतेक वेळा आवाज न करता मोडतं. डेकोरेटरने (फंक्शनच्या डोक्यावर लिहिलेल्या खुणेने) स्वतःची नोंद करणारं फंक्शन नव्या फाइलमध्ये गेलं आणि त्या फाइलला कुणीच इम्पोर्ट करत नसेल, तर नोंद होत नाही. एरर येत नाही, फक्त तो रूट (वेबवरचा पत्ता) ४०४ देऊ लागतो. रांगेतली कामं मागे चालवणाऱ्या सेलरी या टूलच्या टास्कचं नाव मॉड्यूलच्या पत्त्यावरून ठरतं, म्हणून पत्ता बदलला की रांगेत आधीपासून थांबलेले जुने संदेश अनोळखी ठरतात. हलवण्याआधी टास्कला जुनंच नाव उघडपणे लिहून द्यावं. पिकल केलेल्या (म्हणजे नंतर उघडण्यासाठी बाइट्समध्ये साठवलेल्या) वस्तूत क्लासच्या मॉड्यूलचं नाव असतं. जुन्या फाइलमध्ये ते नाव जिवंत ठेवलं नाही तर कॅशमधली जुनी वस्तू उघडत नाही. टेस्टमधला पॅच (खऱ्याच्या जागी खोटं फंक्शन बसवणारी सोय) जुन्या पत्त्यावरचं नाव बदलतो, पण हललेलं फंक्शन आता स्वतःच्या फाइलमधलं नाव वापरतं. मग खोट्या मेलऐवजी खरा मेल जातो आणि टेस्ट तरीही हिरवीच राहू शकते. आणि जागतिक चल! 'स्टेट'मधून 'करंट' हे नाव थेट आणलं तर इम्पोर्टच्या क्षणाची किंमत हातात येते. नंतर कुणी 'स्टेट'मध्ये त्याला नवी किंमत दिली तरी इथे जुनीच दिसते. एका फाइलमध्ये असताना हा फरक जाणवत नव्हता. अशा चलांसाठी मॉड्यूलच इम्पोर्ट करावं आणि दर वेळी त्याच्यामार्फत वाचावं.

म्हणून हलवणं आणि सुधारणं एका कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या एका नोंदीत) कधीही करू नये, याबाबत मी हट्टी आहे. हलवण्याच्या कमिटमध्ये नाव बदलायचं नाही, मोकळी जागासुद्धा दुरुस्त करायची नाही. गिटच्या डिफमध्ये हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवण्याचा पर्याय आहे. तो लावला की शुद्ध हलवलेल्या कमिटमध्ये इम्पोर्ट सोडून बाकी सगळं हललेल्या ओळींच्या रंगांत दिसतं, आणि रिव्ह्यू करणाऱ्याची नजर नेमकी उरलेल्या ओळींवर जाते. एका कमिटमध्ये एक गट हलवावा आणि लगेच मर्ज करावा. महिनाभर चाललेली ब्रँच घातक ठरते, कारण तेवढ्यात दुसऱ्या कुणी जुन्या फाइलमध्ये केलेली दुरुस्ती कॉन्फ्लिक्ट सोडवताना सहज गळून पडते.

चक्र परत येऊ नये यासाठीची तपासणी दोन भागांची. पहिली अगदी साधी: प्रत्येक मॉड्यूल एका नव्या, कोऱ्या प्रोसेसमध्ये एकटं इम्पोर्ट करून पाहायचं. नेहमीच्या टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये चालतात, नोंदवहीत सगळं आधीच भरलेलं असतं, त्यामुळे क्रमावर टेकलेली चक्रं तिथे दिसतच नाहीत. दुसरी तपासणी ग्राफची. पायथनसाठी इम्पोर्ट-लिंटर, जावास्क्रिप्टसाठी मॅज किंवा डिपेन्डन्सी-क्रूझर, जावासाठी आर्कयुनिट. कोणता थर कोणाच्या वर हे लिहून द्यायचं आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावायचं. जुन्या प्रकल्पात पहिल्या दिवशी पन्नास तक्रारी येतील. त्या सगळ्या अपवादांच्या यादीत टाकाव्यात, आणि फक्त नव्या तक्रारीला बिल्ड पाडावा. इम्पोर्ट-लिंटरची एक गोष्ट मला फार पटते: अपवाद म्हणून लिहिलेला इम्पोर्ट कोडमधून गेला असेल तर ते मूळ सेटिंगमध्ये एररच देतं. म्हणजे यादी आपोआप लहान करावी लागते, ती जुन्या सवलतींचं गोदाम होत नाही.

शेवटी उरते ती जुनी फाइल. आत तर्क काहीच नाही, फक्त नवी नावं पुढे देणाऱ्या ओळी. ती घाईने उडवू नये आणि कायमची ठेवूही नये. पायथन ३.७ पासून मॉड्यूललाही गेटअॅट्र (मागितलेलं नाव सापडलं नाही की चालणारं फंक्शन) लिहिता येतं. जुन्या पत्त्यावरून नाव मागितलं गेलं की तेव्हाच नव्या फाइलमधून ते आणायचं आणि सोबत डेप्रिकेशनची ('हे आता वापरू नका' अशी) सूचना द्यायची. सूचनेत स्टॅकलेव्हल दोन ठेवला म्हणजे ती गेटअॅट्रच्या ओळीकडे बोट न दाखवता मागणाऱ्याची फाइल आणि ओळ दाखवते. टेस्ट चालवताना ही सूचना एररमध्ये बदलली की आतले उरलेसुरले मागणारे एकेक करून पुढे येतात. कॅशमधल्या किंवा रांगेतल्या पिकल केलेल्या जुन्या वस्तू मात्र टेस्टमध्ये दिसत नाहीत. त्यांच्यासाठी सूचना प्रॉडक्शनच्या लॉगमध्ये सोडावी, आणि कॅशची सगळ्यात लांब मुदत उलटून गेल्यावर, लॉग कोरा दिसला, की मगच ती फाइल आणि तिच्या नावाचे उरलेले अपवाद एकाच कमिटमध्ये काढावेत.